संदर्भ निश्चित

खरं सांगायचं तर रेवण म्हेत्रे हे लिहिणारच नव्हता. तीनदा सुरुवात केली आणि तीनदा पुसून टाकलं. एक तर लिहायची सवय नाही. बारावीनंतर त्यानं जे काय लिहिलं ते मशीनसाठी, माणसांसाठी नाही. दुसरं म्हणजे यातली निम्मी गोष्ट बाहेर सांगणं हा गुन्हा आहे. आणि तिसरं कारण, जे खरं कारण होतं, ते म्हणजे यात चूक त्याची आहे. स्वतःची चूक माणूस तोंडानं कबूल करतो, पण लिहायला बसलं की हात मागं येतो.

तरी शेवटी लिहिलंच. ते असं.

सोलापूरच्या कडेला एका बंद सूतगिरणीच्या आवारात बालसंवाद केंद्र होतं. आत दोन खोल्या. एका खोलीत गादी, रंगपेट्या, कापडी प्राणी. तिथं मूल आणि एकच मोठं माणूस. मधे काच. काचेपलीकडच्या अंधाऱ्या खोलीत बाकीचे: पोलीस, डॉक्टर, सरकारी वकील आणि भाषा-साहाय्यक. मुलाशी बोलणारा धरून पाच जण, म्हणून लोक त्याला 'पाच खुर्च्यांचा कायदा' म्हणायचे. सरकारी नाव लांबलचक होतं, ते फक्त पाटीवर.

कायदा येण्याआधी काय चालायचं ते आठवून बघा. पोराला मारलंय, भाजलंय, अजून काही केलंय. ते आधी शाळेत सांगणार. मग ठाण्यात. मग दवाखान्यात, तिथं ड्यूटी बदलली की परत. मग बालकल्याण समितीपुढं, मग वकिलापुढं, मग कोर्टात उलटतपासणी. सात ठिकाणी सात वेळा तेच दुखणं उकरायचं, आणि सातव्या वेळी एखादा शब्द इकडचा तिकडं झाला की वकील म्हणणार, पोर खोटं बोलतंय. नव्या कायद्यानं सांगितलं, पाचही जणांनी एकत्र बसा, मुलाला एकदाच विचारा. एकदाच. त्यानंतर त्या विषयावर मुलाशी कुणी चकार शब्द काढायचा नाही. बाप नाही, आजी नाही, शाळेचे गुरुजी नाहीत.

यामागं शास्त्र होतं. आठवण म्हणजे फोटो नव्हे. फोटो कितीदा बघितला तरी तोच राहतो. आठवण असते घडीच्या साडीसारखी. बघायला बाहेर काढली की घडी मोडते, आणि परत ठेवताना ती जुन्याच रेषेवर पडेल याची काही खात्री नाही. आठवण वर आली की मेंदूत काही तास ती कच्ची राहते. त्या कच्च्या वेळात आजूबाजूला जे असेल, विचारणाऱ्याचा शब्द असो की त्याच्या चेहऱ्यावरची अपेक्षा, ते तिला चिकटतं. मोठ्यांचंही होतं, लहानांचं जास्त. त्यात तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की मुलाला वाटतं, आपलं आधीचं उत्तर चुकलं. मग ते उत्तर बदलतं. शाळेनं तेच शिकवलेलं असतं त्याला.

आणि हे सगळं मोजायला होता 'निकष'. गादीखाली एक पातळ पट्टी, छतात दोन कॅमेरे. नाडी, श्वास, बुबुळं, आवाजातला कंप. त्यावरून निकष सांगायचा, हा शब्द मुलाच्या आठवणीतून आला की विचारणाऱ्यानं तोंडात घातला. काचेवर बारीक दिवा, हिरवा, पिवळा, लाल. लाल लागला की जबाब बाद. शिवाय मुलानं कुणाचं नातं उच्चारलं की निकष सरकारी कुटुंबपत्रक उघडायचा, माणूस शोधायचा आणि पडद्यावर लिहायचा: संदर्भ निश्चित.

ती नाती निकषला शिकवली होती रेवणनं.

रेवण मूळचा अक्कलकोटकडचा. कॉलेज झेपलं नाही. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसून फुकटचे धडे बघत बघत तो मशीनला भाषा शिकवायला शिकला. दोन वर्षं जिल्ह्यातल्या अंगणवाड्या पालथ्या घातल्या. पोरं दुखलं की काय म्हणतात, भीतीला काय म्हणतात, लाथेला काय म्हणतात. अकराशे शब्द जमवले. ती यादी निकषनं घेतली आणि रेवणला पाचवी खुर्ची मिळाली. वय सव्वीस. आईनं गावात पेढे वाटले होते.

केंद्रात त्याची खरी मैत्री एकाच माणसाशी. हवालदार रुबिना मुलाणी, दुसरी खुर्ची. त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, जीभ तिखट. तो तिला रुबिनाताई म्हणायचा, ती त्याला आडनावानं हाक मारायची, आणि मूड असला की 'लेका'.

"म्हेत्रे, तुझं मशीन एवढं हुशार आहे ना, मग माझ्या नवऱ्याला एकदा त्या गादीवर बसव. 'कामात होतो' म्हणतो तेव्हा कुठला दिवा लागतो ते बघू दे."

"ताई, गादी लहान मुलांसाठी आहे."

"मग काय, बरोबरच आहे की."

अशा हसण्यानंच ती माणसं तिथं टिकली होती. नाहीतर रोज जे ऐकायचं ते ऐकून घरी जाऊन जेवण जात नाही.

शिवन्या पवळे आली तेव्हा तिला सहा वर्षं पाच महिने झाले होते. बार्शीच्या अलीकडचं वाणेगाव. उजवा हात प्लास्टरमध्ये. शाळेतले बिराजदार सर तिला दवाखान्यात घेऊन गेले होते, तिथल्या एक्सरेत हाडाच्या नव्या मोडीशेजारी एक जुनी, भरून आलेली मोड दिसली. आई चार वर्षांपूर्वी डेंग्यूनं गेलेली. घरात बाप नितीन, त्याचा थोरला भाऊ विलास, विलासची बायको आणि त्यांची दोन पोरं. दोघा भावांचा मंडपाचा धंदा. नितीन म्हणाला, विलासनं मारलं. विलास म्हणाला, नितीननं मारलं. म्हणजे आता सगळं पोरीच्या जबाबावर.

आत बसल्या होत्या कोरेबाई. पन्नाशीच्या, जाड काचेचा चष्मा, आवाज असा की ऐकणारं मूल हळूहळू सैल व्हावं. त्या प्रश्न असे विचारतच नव्हत्या. 'मग?' आणि 'अजून?', एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी तीन वर्षांत शेकडो पोरांना बोलतं केलं होतं.

शिवन्या डाव्या हातानं बांबू काढत होती. उभे, आडवे, वर झालर.

"हे आमचं गोडाऊन. इथं गाद्या. मी गाद्यांच्या मागं लपले होते."

"मग?"

"काकानं बघितलं."

काचेवर हिरवा. पडद्यावर: काका – विलास पवळे – संदर्भ निश्चित – ९६.

"मग?"

"कनातीची दोरी होती. दोरीनं मारलं. मी ओरडले नाही. ओरडलं की जास्त मारतो. मग हात पिरगाळला." तिनं प्लास्टर जरा वर करून दाखवलं, जणू कोरेबाईंना ते दिसलंच नसेल.

"अजून?"

"अण्णा आले. अण्णांनी काकाला ढकललं. मला उचललं. अण्णांच्या डोळ्यात पाणी होतं."

अण्णा – नितीन पवळे, वडील – संदर्भ निश्चित – ९४.

दिवा हिरवागार. डॉक्टरांनी मान हलवली. सगळं जुळत होतं. चुलत्यानं मारलं, बापानं सोडवलं.

रेवणच्या हाताखाली एक कीबोर्ड होता. भाषेची शंका आली तर त्यानं टाइप करायचं, ते कोरेबाईंच्या कानातल्या बटणात जायचं. त्यानं टाइप केलं: 'काका म्हणजे कोण?' का केलं, ते त्याला तेव्हा सांगता आलं नसतं. पडद्यावर लगेच पिवळी चौकट आली. पुनरावृत्ती. संदर्भ आधीच निश्चित आहे. प्रश्न पाठवल्यास जबाब दूषित होण्याची शक्यता.

शेजारून सरकारी वकिलांनी बघितलं. "म्हेत्रे, हिरवा चालू आहे. कशाला हात लावताय?"

त्यानं पुसलं. यादी त्याचीच होती. आपल्याच यादीवर काय शंका घ्यायची?

पाच सह्या झाल्या. जबाब बंद लखोट्यात गेला. कुणीही आधी वाचून साक्षीदार पढवू नयेत म्हणून तो खटला उभा राहीपर्यंत आरोपीलाही दाखवायचा नाही, असा नियम. आरोपीला फक्त एवढंच सांगायचं, मुलीनं तुमच्याविरुद्ध जबाब दिलाय.

विलासला आणायला रुबिना गेली होती. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये ती चहा नुसता ढवळत बसली.

"आरडाओरडा करेल वाटलं होतं," ती म्हणाली. "कनाती घड्या घालत होता. मी सांगितलं तर एवढंच विचारलं, 'पोरीनं माझं नाव घेतलं?' मी म्हटलं, हो. मग हातातली कनात नीट घडी घालून थप्पीवर ठेवली आणि आपण होऊन गाडीत बसला. बायको छाती बडवत होती, तिच्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही."

"अपराधी माणूस गप्पच होतो, ताई."

"होतो की. पण अपराधी माणूस असा नाही गप्प होत."

रेवणनं आपला चहा संपवला. दिवा हिरवा होता.

विलासला जामीन मिळाला, पण वाणेगावात पाय ठेवायचा नाही या अटीवर. तो बायकापोरं घेऊन सासुरवाडीला वैरागला गेला. त्या घरात उरले दोघंच. नितीन आणि शिवन्या.

सहा आठवडे गेले.

कायद्यात एक चांगली गोष्ट होती. मूल परत बोलायला लागलंय का, याची चौकशी भाषा-साहाय्यकानं महिन्या-दीड महिन्यानं शाळेत करायची. घटनेबद्दल अवाक्षर नाही, फक्त बोलण्याबद्दल. एका बुधवारी अकरा वाजता रेवणनं बिराजदार सरांना फोन लावला. समोर फॉर्म.

"शिवन्या वर्गात बोलते का, सर?"

"नाही हो. आधी निदान कविता तरी म्हणायची. आता नाही. आणि डाव्या बाजूनं हाक मारली तर वळतच नाही. मला वाटलं, लक्ष नाही."

रेवणनं लिहून घेतलं. "डबा खाते?"

"खाते. म्हणजे आणला तर."

"शाळेत कोण आणून सोडतं?"

"काका सोडतो की. रोज. मोटरसायकलवर."

रेवणचा पेन थांबला. "सर, काका गावात येऊ शकत नाही. कोर्टाची मनाई आहे."

"अहो, विलासराव नव्हे. काका, काका. तिचा बाप."

"बाप?"

"पवळ्यांच्या घरात तसंच आहे ना. थोरल्याची दोन पोरं नितीनला काका म्हणायची. ही त्यांच्यातच वाढली, तिनं तेच उचललं. आम्ही कितीदा हसलो तिला, अगं बापाला काय काका म्हणतेस. एकत्र घरातल्या पोरांचं असंच असतं."

"मग विलासरावांना काय म्हणते?"

"अण्णा. त्यांची पोरं अण्णा म्हणतात, ही पण अण्णा. अख्खं गाव अण्णा म्हणतं त्यांना. त्यांनी असं केलं हे आम्हाला अजून पटत नाही, खरं सांगू का? पण पोरगीच म्हणाली म्हणतात. हॅलो? म्हेत्रे साहेब?"

रेवणला नंतर आठवलं की त्यानं सरांना 'आभारी आहे' म्हटलं होतं आणि फॉर्मवर तारीखसुद्धा घातली होती. मग तो उठून गिरणीच्या मागं गेला आणि तिथं भिंतीला टेकून बसला.

कारण त्याला हे माहीत होतं. ऐकून नव्हे, जगून. तो स्वतः दुसरीत जाईपर्यंत आपल्या आईला 'वहिनी' म्हणायचा. घरात तीन काका होते, ते सगळे तिला वहिनी म्हणायचे, पोरानं तेच धरलं. दुसरीत एकदा आई डबा द्यायला आली, हा सगळ्यांदेखत ओरडला, "वहिनी, इकडं!" वर्ग हसून हसून लोळला. आठवडाभर पोरं त्याला 'ए वहिनी' म्हणून चिडवत होती. त्या दिवसापासून तो आई म्हणायला लागला. आईला ते कधीच सवयीचं झालं नाही. पहिल्या हाकेला ती अजूनही 'ओ' देत नाही.

अंगणवाड्यांतून शब्द गोळा करताना त्याला अशी त्रेचाळीस पोरं सापडली होती. बापाला दादा म्हणणारी, भाऊ म्हणणारी, काका म्हणणारी. आजीला आई आणि आईला ताई म्हणणारी. त्यानं त्यांची वेगळी यादी केली होती, 'उलटी नाती' म्हणून. ती निकषला दिली की निकष गोंधळायचा. शंभरातली शहाण्णव नाती ओळखणारं मशीन एक्क्याऐंशीवर यायचं. वरून विचारणा झाली, एवढा आकडा का पडला? रेवणनं ती यादी काढून टाकली. त्रेचाळीस पोरं, अपवाद, असं मनाला सांगितलं. आणि खरं सांगायचं तर त्याला ती यादी बघायलाही नको वाटायची. वर्गाचं ते हसू तिच्यात होतं.

त्याच दुपारी पाचही खुर्च्या भरल्या. रेवणनं सगळं सांगितलं. वहिनीचंसुद्धा.

 मग कोरेबाईंनी चष्मा काढला. "तिनं बरोबर सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "अगदी बरोबर. एक शब्द चुकली नाही पोर."

"मग परत विचारू," डॉक्टर म्हणाले. "एकच प्रश्न. काका कोण."

"नाही विचारता येत." वकिलांचा आवाज कोरडा होता. "पाचांतल्या एकानं, म्हणजे म्हेत्रेंनी, सही मागं घेऊन भिन्न मत लिहिलं की जबाब दूषित. परत विचारलेला तर कोर्ट बघणारसुद्धा नाही. विलास सुटेल. पण नितीनवरचा एकमेव पुरावासुद्धा त्याच लखोट्यात आहे, तोही गेला. ती अठरा वर्षांची झाली की स्वतः येऊन एकदा सांगू शकते, हा तिचा हक्क राहतो. तोही एका अटीवर. तोवर तिला किंवा घरच्यांना या जबाबातला एक शब्दही कळता कामा नये. कळला तर तोही हक्क संपला. आणि सांगणाऱ्याला दोन वर्षं."

"आणि नाही लिहिलं तर?" रुबिनानं विचारलं.

"तर विलासला शिक्षा होईल."

"मी ते नाही विचारत, साहेब. पोरगी आत्ता कुठं आहे?"

 रुबिना गाडीची किल्ली घेऊन उठली. "म्हेत्रे, तू लिही. मी निघाले."

रेवणनं भिन्न मत लिहिलं. चार ओळी. चौथ्या ओळीत 'ही त्रुटी माझ्या शब्दसूचीतील आहे' असं लिहिलं, तेव्हा वकील म्हणाले, हे लिहायची गरज नाही. त्यानं ते ठेवलं.

रुबिनानं शिवन्याला शाळेतूनच उचललं. डॉक्टरांनी संध्याकाळी तपासलं. डाव्या कानाचा पडदा फाटलेला होता, तीनेक आठवड्यांपूर्वी. जोराच्या थपडेनं फाटतो तसा. पडदा भरून येईल, ते म्हणाले, पण आतलं ऐकू येणं सगळं परत येईलच असं नाही.

तीन आठवडे. म्हणजे सह्या झाल्यानंतरचे. निकषचा हिरवा लागल्यानंतरचे.

पुढं सगळं वकिलांनी सांगितलं तसंच झालं. विलास सुटला. नितीनवर काही उभं राहिलं नाही. विलासचा शब्द म्हणजे भावाविरुद्ध भावाचा, कान फाटताना बघणारं घरात कुणी नव्हतं, आणि पोरीला विचारायला कायद्याची मनाई. पांढरा शर्ट घालून नितीन केंद्रात आला, सगळ्यांना नमस्कार करून गेला. त्याच्याकडं ताबा द्यायला मात्र समितीनं नकार दिला. मुलगी बालगृहात.

विलास सुटकेचा कागद न्यायला आला त्या दिवशी टेबलावर रेवणच होता. माणूस दोन महिन्यांत अर्धा झाला होता. बायको बरोबर. त्यानं सही केली, कागदाची चौघडी केली, खिशात ठेवली, आणि उठलाच नाही.

"साहेब, एक विचारू?"

"विचारा."

"पोरगी खरंच माझं नाव म्हणाली का?"

रेवणनं मान खाली घातली. कोपऱ्यातल्या कपाटापाशी रुबिना उभी होती, ती खिडकीबाहेर बघायला लागली.

"तिला मी अंगाखांद्यावर वाढवली, साहेब. आई गेली तेव्हा दोन वर्षांची होती. माझ्या पोटावर झोपायची. मला एवढंच कळू द्या. कुणी शिकवलं असेल तर शिकवलं म्हणा."

"मला सांगता येत नाही, अण्णा." 'अण्णा' त्याच्या तोंडून निसटलं.

"बालगृहवाले विचारतात, नेता का," विलास म्हणाला. "मी न्यायला तयार आहे."

"काही तयार नाही," बायको मधेच बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मला का ती परकी आहे? मी तिच्या वेण्या घातल्यात. पण उद्या परत काय बोलली तर? आम्हाला पण दोन लेकरं आहेत. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. जिनं नाव घेतलं तिला घरात ठेवायची, आणि रोज भीत भीत जगायचं?"

विलास उठला. जाताना दारात थांबला, परत रेवणकडं बघितलं. एक शब्द हवा होता त्याला. नाही मिळाला.

शुक्रवारी रेवण बालगृहात गेला. बोलण्याची चौकशी, नियमाप्रमाणं. शेजारी अधीक्षिकाबाई वही घेऊन बसलेल्या. शिवन्या समोर आली ती मान जरा डावीकडं वळवून, चांगला कान पुढं करून. सहा वर्षांच्या पोरीनं ते आपलं आपण शोधून काढलं होतं.

"जेवलीस का?"

"हो."

"इथं मैत्रिणी झाल्या?"

"एक." मग तिनं अधीक्षिकेकडं बघितलं, रेवणकडं बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "मी चुकीचं सांगितलं का?"

अधीक्षिकाबाईंनी पेन वर उचललं. 

"मी सांगितलं होतं त्या बाईंना. सगळं सांगितलं. मग मला इथं का ठेवलं?"

उत्तर दोन शब्दांचं होतं, बरोबर सांगितलंस. त्याच्या जिभेवर होतं. बोललं असतं तर अठराव्या वर्षीचा तिचा हक्क त्या दोन शब्दांत संपला असता.

"अण्णा कधी येणारेत?" तिनं विचारलं. "अण्णा रागावलेत माझ्यावर?"

काका कुठं आहे, असं तिनं विचारलं नाही. काकाला पकडलं का, मारलं का, काहीच नाही. तिचे प्रश्न सगळे एकाच माणसाबद्दल होते. वीस मिनिटं संपली तेव्हा तिनं चौथ्यांदा विचारलं, आणि अधीक्षिकाबाईंनी वही मिटून तिला आत नेलं. तिचा कुठलाच कान तेव्हा रेवणकडं वळला नाही.

तो तिथून थेट कँटीनमध्ये आला. दुपारचे तीन. रुबिना डबा पुसून ठेवत होती. तिनं त्याचा चेहरा बघितला आणि म्हणाली, "नको. जे काय ठरवलंयस ते मला सांगू नकोस. मी पोलीस आहे, लेका."

"मग पोलीस म्हणून नको ऐकू. मैत्रीण म्हणून ऐक."

"म्हेत्रे."

"ती अण्णांची वाट बघतेय, ताई. आणि अण्णांना वाटतंय तिनं त्यांचं नाव घेतलं. मधे फक्त मी आहे. एक वाक्य. त्यांना कळलं की ते त्याच दिवशी तिला घरी नेतील."

"आणि तिचा हक्क? अकरा वर्षांनी ती त्या नितीनला पिंजऱ्यात उभा करू शकते. तू आज तोंड उघडलंस की तो जन्मभर मोकळा. पांढरा शर्ट घालून हिंडेल. हे बघवेल तुला?"

"नाही बघवणार."

"तुला वाटतं तू तिचं भलं करतोयस. उद्या मोठी होऊन येईल आणि विचारेल, माझा हक्क कुणाला विचारून मोडलास? सहा वर्षांची होते म्हणून? तेव्हाही माझ्या वतीनं तुम्हीच ठरवलंत आणि आताही?"

 तिचं बरोबर होतं. तो तिथं बसून अकरा वर्षांचा विचार करत होता. दर महिन्याला वीस मिनिटं, आणि चांगला कान पुढं करून ती विचारणार, अण्णा रागावलेत का. दोन वर्षांनी ती विचारायची थांबेल. मग तिची खात्रीच होईल. अठराव्या वर्षी तिला सांगायला हक्क असेल, पण सांगितलं की काय होतं हे तिला सहाव्या वर्षीच कळलेलं असेल.

"न्याय मोठा झाल्यावर मिळेल तिला," तो म्हणाला. "लहानपण नाही मिळणार. ते आत्ताच आहे."

रुबिनानं डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "मला तुला धरावं लागेल. माहितेय ना? माझ्याच हातानं."

"माहितेय."

"आई काय म्हणेल तुझी?"

"तिला सांगून आलोय. फोनवर." त्यानं मोबाइल टेबलावर ठेवला. "वहिनी म्हणून हाक मारली. लगेच 'ओ' दिली."

रुबिनाचे डोळे भरले, तिनं ते ओढणीनं पुसलेसुद्धा नाहीत. "मला शब्द दे मग," ती म्हणाली. "कशाचा ते तू ठरव. पण असा दे की तो मोडलास तर मला तुझं तोंड बघायला लाज वाटेल."

रेवणनं बाहेर बघितलं. बाहेर गिरणीच्या आवारात कुणाचं तरी मूल आईचं बोट धरून आत येत होतं.

"उद्या सकाळच्या गाडीनं वैरागला जातो," तो म्हणाला. "अण्णांना एकच वाक्य सांगतो. तिथून कुठं थांबणार नाही, वकील गाठणार नाही, सरळ तुझ्या ठाण्यात येऊन बाकावर बसतो. आणि ती मोठी होऊन विचारायला आली ना ताई, माझा हक्क कुणी मोडला, तर मी मशीनचं नाव सांगणार नाही, कायद्याचं नाही, तुम्हा चौघांपैकी कुणाचंही नाही. माझं सांगेन. आणि कोणता रेवण, तर 'काका म्हणजे कोण?' हा प्रश्न टाइप करून पुसणारा, हे तिनं विचारायच्या आधी सांगेन."